कलौंजी म्हणा, कांद्याचं बी म्हणा

आमच्या दुकानात कुणी कांद्याचं बी मागितलं की त्याला कलौंजी मिळायची. शेवगावच्या पेठेत अब्बांचं अत्तारीचं दुकान होतं. अत्तारी म्हटलं की लोकांना आता अत्तराच्या कुप्या आठवतात, पण आमच्याकडे होती ती काष्ठौषधं: हिरडा, बेहडा, मुलेठी, गुलाबकळी, सनायची पानं, आणि एका मोठ्या पिशवीत कलौंजी. कलौंजी हा शब्द आमच्या घरातला. मौलवीसाहेब तिला अरबीतल्या भारदस्त नावानं हब्बतुस्सौदा म्हणत, आणि मौत सोडून सगळ्या दुखण्यांवर तिच्यात शिफा, म्हणजे गुण आहे, असं सांगत. बाकी सगळं गाव मात्र तिला बिनदिक्कत कांद्याचं बी म्हणायचं. दिसायला दोन्ही सारखीच, काळी, बारीक, कोनदार. कलौंजीचा कांद्याशी काडीचाही संबंध नाही, हे अब्बांनी सुरुवातीला प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून पाहिलं. मग त्यांनी नाद सोडला. कांदा पिकवणाऱ्या मुलखात काळं बी दिसलं की माणसाला दुसरं काय आठवणार!

त्या कलौंजीची खरी मालकीण अब्बांची थोरली बहीण, जैनबफुप्पी. नवरा गेल्यावर ती धाकट्या भावाकडे आली आणि दुकानामागच्या खोलीत तिनं आपलं राज्य थाटलं. सकाळी आम्हाला जाग यायची ती तिच्या खलबत्त्याच्या आवाजानं. आधी अजान, मग खलबत्ता, मग स्टँडवरच्या पहिल्या एसटीचा भोंगा. सर्दी झाली की ती कलौंजी तव्यावर भाजून मलमलच्या पुरचुंडीत बांधायची आणि नाकाशी धरून हुंगायला लावायची. खोकल्याला कुटलेली कलौंजी मधातून, बाळंतिणीला गुळातून, दातदुखीला सिरक्यात उकळून चूळ. गुडघ्याला तिचंच तेल, केसांना तिचंच तेल, आणि लोकरीच्या कपड्यांच्या पेटीतही तिचीच मूठभर पुडी. पुडी बांधताना ती आधी पुटपुटायची, हुवश्शाफी, बरं करणारा तो. आणि मग लगेच मोठ्यानं म्हणायची, ‘पण पथ्य तू पाळायचंस, ते काम त्याच्यावर टाकू नकोस.’ घरात आम्ही दखनी बोलायचो. ती जशीच्या तशी लिहिली तर माझी स्वतःची नातवंडंसुद्धा अर्धीच वाचतील, म्हणून इथं सगळ्यांना मराठीत बोलायला लावते आहे. फुप्पी ऐकत असती तर म्हणाली असती, ‘नक्को मा, माझी मजा घालवलीस.’

माणसांकडे ती मिजाजानुसार बघायची. कुणी गरम, कुणी खुश्क म्हणजे कोरडं, कुणी बलगमी म्हणजे कफाचं. पोस्टमन सफरावी, पित्ताचा, म्हणून चिडका. माझी अम्मी ठंडी, म्हणून तिची डाळ पचपचीत. हे ऐकून अम्मी चुलीपुढून अशी बघायची की तिच्या मिजाजाबद्दल मला तरी शंका यायची. पण श्रीरामपूरच्या बडेअब्बांबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. अब्बांचे हे सर्वांत थोरले भाऊ पक्के बलगमी. कापसाच्या व्यापारातले, अंगानं भरलेले, बारा महिने खोकणारे. ते दर हिवाळ्यात यायचे आणि जेवताना एकच विषय काढायचे. श्रीरामपुरात त्यांचं मोठं घर, सुना नोकरीला जाणाऱ्या, लहान पोरं सांभाळायला कुणी नाही. ‘जैनबला माझ्याकडे पाठव. इथं तिचं काम काय?’ फुप्पी अशा वेळी भाकरीच्या तुकड्याकडे बघत बसायची. बडेअब्बांच्या घरी तिनं लग्नाआधी बरीच वर्षं काढली होती आणि तिथं तिला हाक मारण्याची पद्धत म्हणजे टाळी वाजवणं, एवढं एकदा ती मला बोलली होती. अब्बांचं उत्तर ठरलेलं असायचं. ‘भाईजान, ती माझ्या दुकानाचं नाक आहे. हिंगात डिंक किती, मधात गूळ किती, ती नुसतं हुंगून सांगते. ती गेली तर मी दुकान कशावर चालवू?’ त्यावर बडेअब्बा खोकायचे आणि विषय पुढच्या हिवाळ्यावर जायचा.

आता गोम अशी की ते नाक गेलं होतं. हे घरात फक्त मला कळलं, आणि तेही माझ्या चांगुलपणामुळे नव्हे. मागच्या थंडीत फुप्पीला जबर ताप येऊन गेला होता. त्यानंतर उन्हाळ्यात तिनं मला एरंडेल पाजलं, पोट साफ असताना, केवळ माझा चेहरा तिला पसंत नव्हता म्हणून. मी सूड घ्यायचं ठरवलं. दुपारी तिच्या उशीच्या खोळीत हिंगाचा चांगला मोठा खडा घातला आणि दाराआड तमाशा बघायला उभी राहिले. वास असा सुटला की अम्मीनं गटार बघून घेतलं, शेजारणीनं मांजर मेलंय का विचारलं, अब्बा दुकानातून दोनदा आत डोकावले. आणि फुप्पी त्या उशीवर गाल टेकून सुखानं घोरत होती. माझं हसू तिथंच विरलं. संध्याकाळी मी खडा काढून तिच्या हातात ठेवला. तिनं तो नाकाशी नेला, चेहरा होता तसाच ठेवला, मग हळूच जिभेवर टेकवला आणि माझ्याकडे बघितलं. ‘कुणाला बोललीस?’ मी ‘कुणालाच नाही’ अशी मान हलवली. ‘बोलू नकोस,’ ती म्हणाली. ‘मला श्रीरामपूरला जायचं नाही.’ तिचा आवाज असा बारीक झालेला मी पहिल्यांदाच ऐकला. मला इतकं वाईट वाटलं की मी आपण होऊन एरंडेल प्यायले असते.

कोरोनात माझ्या नातीचा वास गेला तेव्हा ती कॉफीची बरणी नाकाला लावून रडत होती आणि मला हसू येत होतं. ती रागावली. तिला मी हीच गोष्ट सांगितली. तेव्हापासून ती मोबाईलवर कलौंजीच्या गोळ्यांची जाहिरात दिसली की मला दाखवते, चकचकीत डबी, वर सोनेरी अक्षरं. गोळी गिळायची म्हणजे ना कुटायची कटकट, ना पथ्य सांगणारं कुणी. मला त्यात काही मजा वाटत नाही.

तर मी फुप्पीचं नाक झाले. शाळेतून आले की दप्तर टाकून दुकानात बसायचं. व्यापारी माल दाखवायला आला की फुप्पी चिमूट उचलून डोळे मिटून हुंगायची, थेट पूर्वीसारखी, आणि मग ‘बघ गं, शिकून घे’ म्हणत चिमूट माझ्या नाकाशी धरायची. माल खरा असला की मी वेणी पुढे घ्यायची. खोटा असला की नाक खाजवायचं. फुप्पी निकाल द्यायची आणि व्यापारी हात जोडायचे. एकदा मला नाकाच्या शेंड्यावर डास चावला होता आणि एका बिचाऱ्याचा अस्सल हिंग अपमान होऊन परत गेला. तो एवढा दुखावला की पुढं कधी आलाच नाही. त्या रात्री फुप्पी आणि मी गोधडीत तोंड खुपसून हसलो. पण मी शाळेत असले की फुप्पी एकटी पडायची. तेव्हा ती काहीतरी निमित्त काढून माल ठेवून घ्यायची, निकाल संध्याकाळी. जमत होतं. फक्त एक दिवस तिला काही हुंगावं असं वाटलंच नाही, आणि तिथं सगळं बिनसलं.

गावाबाहेर आमच्या रानालगत रंगनाथभाऊंची जमीन होती. त्यांचा कांदा तालुक्यात नावाजलेला. बी ते विकत घेत नसत. दरवर्षी निवडक गोट कांदे, म्हणजे बियाण्यासाठी राखलेले, पुन्हा लावून, त्यांना फुलं येऊ देऊन घरचं बी धरायचे. त्यांच्या घरात उंदीर फार, म्हणून ती बियांची पिशवी आमच्या दुकानात आढ्याला टांगलेली असायची, कलौंजीच्या पिशवीशेजारी. औषधांच्या उग्र वासानं तिथं किडा-मुंगी फिरकायची नाही. त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर रंगनाथभाऊंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ते आणि त्यांची बायको गयाबाई नगरला गेले. मुलगा साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर, त्याचा पत्ता नाही. घरात एकटी नवी सून, सिंधू. ती कर्जतकडची, तिचं माहेर ज्वारीवालं, कांदा तिनं पाहिलेला तो कालवणातला. जाताना गयाबाईंनी तिला बजावलं होतं, अत्ताराकडनं कांद्याचं बी आण आणि वाफ्यात टाक.

सिंधू आली आणि म्हणाली, ‘आत्या, कांद्याचं बी द्या.’ दुकानात कांद्याचं बी म्हणजे काय, हे वर सांगितलंच. तरी फुप्पीनं चौकशी केली. ‘रंगनाथभाऊंकडची का गं तू? अगं, तुमचं आहे की इथं टांगलेलं!’ इथवर डोकं ठिकाणावर होतं. पण आढ्याखाली अंधार, दोन्ही पिशव्या सारख्या कापडाच्या, आणि पूर्वी ती पिशवी खाली काढताना आपोआप वास यायचा तो आता येत नव्हता. तिनं कलौंजी सिंधूच्या पदरात घातली. आणि कलौंजीच्या जागी रंगनाथभाऊंचं नामांकित बी राहिलं.

त्या हिवाळ्यात गावात खोकल्याची साथ आली. फुप्पीचा खलबत्ता थांबत नव्हता. रंगनाथभाऊंचा कांदा तव्यावर भाजला गेला, कुटला गेला, मधात घोळला गेला, आणि हुवश्शाफी म्हणून घरोघर गेला. मी शाळेच्या परीक्षेत गुंतलेली, व्यापाऱ्यांचा माल सोडून घरच्या पिशवीत कोण नाक घालणार? वाईट याचंच वाटतं की लोक बरे झाले. मास्तर बरे झाले, पोस्टमन बरा झाला. शेवटी श्रीरामपूरहून बडेअब्बा आले, पोतंभर खोकला घेऊन. फुप्पीनं सकाळ-संध्याकाळ चमचा भरवला आणि आठवड्याभरात त्यांचा खोकला असा बसला की त्यांनाच करमेना. ते दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, ‘एवढे डॉक्टर केले. पण कलौंजी ती कलौंजी!’ आणि मग आत वळून, ‘जैनब, सामान बांधायला घे. अशी माणसं घरात हवीत.’ या खेपेला ते खरंच घेऊन जायच्या तयारीनं आले होते. गुण आला तीच पंचाईत झाली.

बाजाराच्या दिवशी, दुकानात गर्दी असताना, रंगनाथभाऊ आले. डोळ्यावर हिरवी झापड, मागे गयाबाई, तिच्यामागे सिंधू, रडून रडून डोळे सुजलेली. रंगनाथभाऊंनी मातीसकट उपटलेली रोपं अब्बांच्या तराजूत ठेवली. शेपूसारखी बारीक, झिरमिळ्यांची पानं.

‘अत्तारभाई, कांद्याच्या वाफ्यात ह्ये उगवलंय. आख्ख्या वाफ्यात. कांद्याची पात औषधाला सुदिक न्हाई.’

‘ह्या बयेनं केलंय,’ गयाबाई म्हणाली. ‘घरचं बी भावाला धाडलं कर्जतला, आन् बाजारातनं काय तरी गवताचं आणून टाकलं. आमी हितं नव्हतो ना! आजच्या एसटीनं हिला म्हायेरी घालवती. तितंच कांदं लाव म्हणावं.’

‘न्हाई वो,’ सिंधू म्हणाली. ‘आत्यांनी दिलं त्येच पेरलं. देवाशप्पथ.’

अब्बा चांगले माणूस, पण त्या दिवशी त्यांनी घोळ घातला. त्यांना वाटलं, दुकानावर आळ आला. ‘पोरी, तुझा काहीतरी गैरसमज झालाय,’ ते म्हणाले. ‘आमच्याकडून बियांची अदलाबदल होणं शक्य नाही. आमच्या आपाचं नाक सगळ्या तालुक्याला माहीत आहे.’ आणि सगळ्यांसमोर शाबीत करावं म्हणून त्यांनी एक रोप उचलून फुप्पीपुढे धरलं. ‘आपा, हे काय आहे ते सांग.’

सिंधूनं मान खाली घातली. तिच्या बाजूनं बोलायला त्या गर्दीत कुणी नव्हतं. फुप्पीनं पान घेतलं, चुरगळलं, नाकाशी नेलं. मी तिच्या शेजारीच होते. मला वास आला, कलौंजीचाच, हिरवा पण तोच. माझा हात आपोआप वेणीकडे गेला आणि तिथंच थांबला. वेणी पुढे घेऊन काय सांगणार होते मी? खरं-खोटं एवढंच आम्हाला सांगता यायचं. फुप्पीनं माझ्याकडे बघितलं, बडेअब्बांकडे बघितलं, आणि मग सिंधूकडे. गप्प बसली असती तर तिचं काही बिघडणार नव्हतं. सून एसटीत बसली असती आणि नाक शाबूत राहिलं असतं.

‘मला वास येत न्हाई,’ ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना कळावं म्हणून गावच्या बोलीत. ‘तापात नाक ग्येलं माझं. हिला कलौंजी मीच दिली, न हुंगता. गया, सुनेला बोलू नगंस. बोलायचं त्ये मला बोल.’

मग तिनं स्वतः आढ्याची पिशवी काढून त्यातलं थोडं बी रंगनाथभाऊंच्या हातावर ओतलं. त्यांनी उघड्या डोळ्याशी बी नेलं, बोटानं चोळलं, दाताखाली फोडलं. ‘माझंच हाय,’ ते म्हणाले. मग पिशवी चाचपली. ‘निम्मंच कसं? बाकीचं कुटं ग्येलं?’

सगळ्यांच्या नजरा हळूहळू मास्तरांकडे, पोस्टमनकडे आणि शेवटी पायरीवर बसलेल्या बडेअब्बांकडे गेल्या. त्यांच्या हातात मधाचा चमचा होता.

‘म्हंजी माझा कांदा ह्या गावानं मधात घालून खाल्ला व्हय!’ रंगनाथभाऊ ओरडले. ‘नाकानं कांदं सोलणारी मान्सं लई बघितली, आक्का. नाकानं कांदा बुडिवणारी तुमी पयल्याच!’

बाजारातली माणसं असं काही हसली की गयाबाईसुद्धा पदराआड गेली. अब्बा मात्र हसले नाहीत. ते बहिणीकडे बघत होते. ‘मग इतके दिवस माल कोण पारखत होतं?’ फुप्पीनं माझी वेणी धरून मला पुढं ओढलं. अब्बांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुणाच्या तरी दुसऱ्याच घरची.

‘म्हणजे तो हिंगवाला…’ ते म्हणाले.

‘त्याचा हिंग चांगला होता, अब्बा. मला डास चावला होता.’

बडेअब्बा उठले. चमचा त्यांनी कुणाला दिसू नये असा धोतराच्या घोळात पुसला. आपण आठवडाभर काय खाल्लं, हा विषय निघण्याआधी त्यांना दुसरा काढायचा होता. ‘झालं तर मग,’ ते म्हणाले. ‘नाक नाही, आता इथं काम नाही. जैनब, आटप. दुपारची गाडी आहे.’ फुप्पी आत वळली. ती खरंच सामान बांधायला निघाली होती. इतकी वर्षं जे उत्तर अब्बा देत आले होते, ते आता त्यांच्याजवळ नव्हतं. मी धावत जाऊन फुप्पीचा पदर धरला.

‘ओ शेट!’ रंगनाथभाऊ म्हणाले. ‘आक्काला कुटं न्हेताय?’

‘माझ्या घरी.’

‘आन् माझ्या रानात वाफाभर औषाद उगवलंय त्ये कोन बघनार? कदी खुरपायचं, कदी काढायचं, मला ठावं हाय का, माझ्या बाला ठावं हाय? आक्कानं पेरलंय, आक्कानंच निस्तरायचं. त्ये घरात येऊस्तवर ती गावची वेस सोडायची न्हाई. सांगून ठिवतो.’ आणि रागारागानं त्यांनी हातातलं बी पिशवीत परत ओतलं. ‘ह्ये ऱ्हायलेलं तवर पुन्यांदा टाकतो. सिंधू, चल. वाफा कर दुसरा.’

सिंधूच्या डोक्यावरून घसरलेला पदर गयाबाईनं जाता जाता, जरा जोरातच, सारखा करून दिला.

मी आयुष्यात पुष्कळ सुखाचे प्रसंग पाहिले, माझं लग्न धरून. पण त्या दिवशी रंगनाथभाऊंचा राग ऐकून जो आनंद झाला तसा पुन्हा झाला नाही. ते खरंच रागावले होते की त्यांच्या हिरव्या झापडीआड दुसरंच काही होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतर विचारायची गरज पडली नाही. फुप्पी रोज त्यांच्या रानात जाऊ लागली. निळसर पांढरी फुलं आली ती बघायला गाव लोटलं. शेवगावात कलौंजी पिकली त्याचं श्रेय गयाबाई आजूबाजूच्या बायकांत स्वतः घेऊ लागली.

त्या बाजाराच्या दिवशी दुपारी मात्र बडेअब्बा एकटेच एसटीला निघाले. मी पिशवी धरून बरोबर चालले होते. फुप्पी दुकानाच्या दारात उभी. थोडं पुढं गेल्यावर ते थांबले, मागे बघितलं आणि मला हळूच म्हणाले, ‘पोरी, ते खोकल्याचं… कलौंजी का काय ते… जे काय होतं, तेच थोडं बांधून आण ना.’

फुप्पीचं नाक गेलं होतं, कान नव्हे. ती दारातूनच ओरडली, ‘भाईजान, ते आता रानात चाललं! पुन्हा खोकला आला तर तुम्हीच इथं राहायला या. इथं टाळी वाजवायची गरज नाही, मी हाकेला ओ देते.’